सात माणसं, चार पॉलिस्या आणि बाबांचा स्टेंट

आमची युरोप ट्रिप झाल्यापासून ऑफिसात, सोसायटीत, मुलाच्या शाळेच्या गेटवर सगळे एकच विचारतायत, एवढ्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलात तर इन्शुरन्स कुठला काढला. प्रत्येकाला तोंडी सांगून कंटाळा आला म्हणून लिहून काढते. कंपनीचं नाव मात्र सांगणार नाहीये, आणि त्यात काही सिक्रेट नाही, आमच्या बाबांच्या हृदयाला जी पॉलिसी बसली ती तुमच्या मावशीच्या किडनीला बसेलच असं नाही, एवढंच.

आधी माणसं सांगते म्हणजे पुढचा घोळ कळेल. माझी नणंद स्टुटगार्टला असते. तिच्याकडे राहायचं आणि तिथून थोडे दिवस स्वित्झर्लंड, असा बेत. जाणारे आम्ही सात. सासरे, म्हणजे बाबा, वय ७४, २०१८ मध्ये अँजिओप्लास्टी, एक स्टेंट, बीपीची गोळी. सासूबाई सत्तरच्या, शुगर. माझी आई ६६, थायरॉईड आणि गुडघे. मग नवरा, मी, दहावीची परीक्षा देऊन सुटलेली मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा, ज्याला लहानपणी दमा होता आणि अजून पावसाळ्यात इनहेलर लागतो.

पहिले काही दिवस 'आपल्याकडे आहेच की' यातच गेले. नवरा हिंजवडीतल्या कंपनीत नोकरीला, त्यामुळे त्याला वाटत होतं कंपनीचं ट्रॅव्हल कव्हर आहे, एचआरला मेल केला तर ते फक्त कंपनीच्या कामाने गेलं तरच. मग क्रेडिट कार्ड. कार्डवर 'कॉम्प्लिमेंटरी इन्शुरन्स' मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो, पण आमच्या कार्डवर तो कार्डहोल्डरपुरता, तोही तिकीट त्याच कार्डावर काढलं असेल तर, आणि मुख्य म्हणजे विमान अपघाताचा, दवाखान्याचा नाही. घरचा मेडिक्लेम भारतातल्या हॉस्पिटलपुरता. तिकिटाच्या वेबसाईटवर शेवटच्या स्टेपला एक छोटा इन्शुरन्स चिकटवायला बघतात, तो मी सरळ 'नको' केला, कारण तिथे ७४ वर्षांच्या माणसाला आणि आठ वर्षांच्या मुलाला एकच प्लॅन आणि आजारांबद्दल एक प्रश्न नाही. ज्याने काहीच विचारलं नाही तो क्लेमच्या वेळी सगळं विचारणार, हे आपल्याला माहितीये.

मग शेंगेनचा नियम, म्हणजे जर्मनी, स्वित्झर्लंड धरून युरोपातले जे देश एकाच व्हिसावर चालतात त्यांचा. व्हिसासाठी कमीत कमी ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर लागतं, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, पूर्ण मुक्कामाचं, त्यात इमर्जन्सी उपचार, हॉस्पिटल आणि गरज पडली तर माणसाला (किंवा नको ते झालं तर देहाला) परत आणायचा खर्च धरलेला असला पाहिजे. बहुतेक लोक इथेच थांबतात, तीस हजार युरो दिसले की सर्टिफिकेट प्रिंट केलं आणि फाईलला लावलं. पण तो आकडा व्हिसाचा आहे हो, हॉस्पिटलने तुमच्यासाठी ठरवलेला रेट नाही. तरण्या माणसाचा पाय मोडला तर पुरेल कदाचित, पण स्टेंटवाल्या माणसाला आयसीयूत ठेवून वर डॉक्टर सोबत देऊन भारतात आणायचं झालं तर तीस हजार युरो किती वेळ टिकतील याचा विचार व्हिसा ऑफिसर करत नाही, तो आपणच करायचा.

आणि आमच्याकडे यात अजून एक पाचर होती. नणंदेने तिन्ही ज्येष्ठांसाठी तिथल्या ऑफिसात जाऊन हमीपत्र दिलं होतं. जर्मनीत तशी पद्धत आहे, यजमान लिहून देतो की पाहुण्यांच्या राहण्याखाण्याचा, आजारपणाचा खर्च सरकारी पैशातून झाला तर तो मी भरून देईन. म्हणजे पॉलिसीने हात वर केले तर बिल फिरून पोरीच्या पगारावर येऊ शकतं. हे जेव्हा जेवणाच्या टेबलावर सांगितलं तेव्हा बाबा पहिल्यांदा पेपर खाली ठेवून ऐकायला लागले. तोपर्यंत त्यांचं चालू होतं, 'मला काय धाड भरलीये, रोज पहाटे तळजाई चढतो.'

कारण खरी लढाई तीच होती, स्टेंट लिहायचा की नाही. आमचे एक ओळखीतले एजंट काका आहेत, घरी आले, चहा झाला, आणि फॉर्म भरताना म्हणतात कसे, आजारांच्या रकान्यात 'नाही' लिहा, उगाच प्रीमियम वाढतो, कोण बघायला येतंय तिकडे. मी म्हटलं काका, तिकडचा डॉक्टर बघतो ना, अँजिओग्राफी केली की स्टेंट दिसतोच, आणि पहिला प्रश्न विचारतात आधीचं काय आहे, ते केस पेपरवर येतं आणि तोच पेपर क्लेमला लागतो. काका जरा नाराज झाले. बाबाही त्यांच्याच बाजूचे. शेवटी मी बाबांना म्हटलं, तुम्ही बँकेत लोन डिपार्टमेंटला होतात, अर्जदाराने आधीचं कर्ज लपवलं आणि नंतर सापडलं तर तुम्ही काय करायचात? काही बोलले नाहीत, पण फॉर्म ओढून घेतला आणि स्वतःच्या अक्षरात अँजिओप्लास्टीचं वर्ष, महिना, हॉस्पिटल, चालू गोळ्या सगळं लिहिलं. त्यानंतर तर ते इतके पेटले की प्रत्येक कंपनीचं पॉलिसी वर्डिंग, ते सगळ्या अटींचं चाळीस-चाळीस पानी पीडीएफ असतं ना, ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट करून आणून लाल पेन आणि फूटपट्टी घेऊन वाचायला बसायचे. रिटायर्ड बँकवाला घरात असेल तर त्याला हे काम द्या, आपल्याच्याने होत नाही.

आता जुन्या आजाराचं. वेबसाईटवर हिरवी टिक असते, 'पीईडी कव्हर्ड', पीईडी म्हणजे प्री-एक्झिस्टिंग डिसीज, आधीपासूनचा आजार. त्या टिकमध्ये काय काय दडलंय ते वर्डिंगमध्ये कळतं. बाबांनी लाल केलेल्या ओळींतून जे कळलं ते असं, की जुन्या आजारामुळे जिवावर बेतलं तरच पैसे, म्हणजे अटॅक आला तर हो, पण 'जरा छातीत जड वाटतंय, दाखवून येऊ' याचे नाहीत. मिळतात तेही एका वेगळ्या मर्यादेपर्यंतच, सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची एकूण रक्कम, एक लाख डॉलर असली तरी जुन्या आजाराचा कप्पा त्यातला छोटासा तुकडा असू शकतो. आणि पेशंट स्टेबल होईपर्यंतच, एकदा प्रवास करण्याइतका बरा झाला की कंपनी म्हणू शकते आता पुढचं पुण्यात करा. शेवटचं मला तरी रास्त वाटतं. पण कप्पा किती मोठा आहे हे कुठल्याच कंपॅरिझनच्या टेबलात पहिल्या पानावर नव्हतं. आम्ही पाहिलेल्या दोन प्लॅनमध्ये प्रीमियम जवळपास सारखा, सम इन्शुअर्ड सारखी, आणि हा कप्पा एकात दुसऱ्याच्या कितीतरी पट. नवऱ्याने एक्सेल केली होती त्यात आधी प्रीमियमनुसार सॉर्ट होतं, ते त्या दिवशी बदललं.

दुसरा लाल रंगाचा ढीग सब-लिमिटचा. साठीच्या पुढच्यांसाठी बऱ्याच प्लॅनमध्ये रूमचं भाडं दिवसाला इतकंच, आयसीयू इतकंच, सर्जन इतके, ऍम्ब्युलन्स इतकी असे तुकडे पाडलेले असतात. वर लाख डॉलर लिहिलेत म्हणून आपण खूश आणि खाली प्रत्येक गोष्टीला कुलूप. काही ठिकाणी 'विदाउट सब-लिमिट' असा वेगळा प्लॅन असतो, महाग असतो. सासूबाईंचं म्हणणं, एवढे पैसे त्या कागदाला घालण्यापेक्षा तिकडे नातवाला काहीतरी घेऊ. यावर घरात बराच वाद झाला. शेवटी असं ठरलं की बाबांसाठी सब-लिमिट नसलेलाच, सासूबाईंसाठी पण तोच आणि आईसाठीसुद्धा, कारण तिघांत फरक केला असता तर पैसे थोडे वाचले असते आणि माणसं दुखावली असती. मुलांच्या आणि आमच्या फ्लोटरवर, म्हणजे चौघांच्या मिळून एका पॉलिसीवर, आम्ही कंजूषपणा केला, साधा प्लॅन घेतला. बाबांच्या एकट्याचा प्रीमियम आमच्या चौघांच्या फ्लोटरपेक्षा जास्त पडला, हे बघून बाबांना जरा अभिमानच वाटला असावा.

मुळात एकच फॅमिली पॉलिसी का नाही, असं मला पण वाटायचं. बहुतेक फ्लोटर नवरा-बायको-मुलं इतक्यांपुरते असतात, आईवडील घेतले तरी वयाची अट असते, आणि फ्लोटरमध्ये रक्कम सगळ्यांत वाटली जाते हे विसरून चालत नाही. म्हणून चार पॉलिस्या, पण मुद्दाम एकाच कंपनीच्या. आणि हे मुद्दाम का, ते सांगते, कारण याच्यावर मी सगळ्यात जास्त डोकं घातलं.

सगळे विचार करतात की बाबा आजारी पडले तर बाबांच्या बिलाचं काय. मी विचार करत होते की बाबा आजारी पडले तर बाकीच्या सहांचं काय. समजा निघायच्या आठवडाभर आधी ते इथेच दीनानाथ नाहीतर सह्याद्रीला ऍडमिट झाले, तर ट्रिप सगळ्यांचीच रद्द होणार. बाबांच्या पॉलिसीत त्यांच्या तिकिटाचे पैसे मिळतील (तेही जुन्या आजाराने कॅन्सल झालं तर मिळतात का हा वेगळा प्रश्न, खूप ठिकाणी नाही मिळत). माझे आणि नवऱ्याचे मिळतील का? त्यासाठी 'इमिजिएट फॅमिली'ची व्याख्या बघायची. एका कंपनीत त्यात जोडीदार, मुलं, आईवडील, सासूसासरे होते, एकीत सासूसासरे नव्हतेच. म्हणजे तिथे नवऱ्याचे वडील आजारी तर नवऱ्याला पैसे, मला नाहीत, मी जणू एकटी स्वित्झर्लंड बघून येणार होते.

आणि माझी आई? ती बाबांची विहीण. व्याही आजारी पडले म्हणून विहीणबाईंची ट्रिप रद्द, असं कुठल्याच कंपनीच्या व्याख्येत बसत नव्हतं. आई म्हणाली जाऊ दे गं, मी राहते घरी, तुम्हाला नसता व्याप. मी म्हटलं बस जरा शांत. मग कस्टमर केअरला फोन केला, तिथल्या मुलीला व्याही समजावून सांगताना माझा घसा सुकला, ती दर वेळी विचारायची 'मॅम, रिलेशन विथ इन्शुअर्ड?' शेवटी फोन सोडला आणि मेल लिहिला. सरळ गोष्टीसारखा: आम्ही सात जण एकाच पीएनआरवर आहोत, चार पॉलिस्या आहेत, अमुक ७४ वर्षांचे गृहस्थ निघण्याआधी ऍडमिट झाले तर अमुक ६६ वर्षांच्या बाईंच्या तिकिटाचे पैसे कुठल्या कलमाखाली मिळतील, कलम नंबर सांगा. दोन कंपन्यांनी 'पॉलिसीच्या अटींनुसार' असं गोल उत्तर दिलं. एकीने स्पष्ट लिहिलं की त्यांच्याकडे 'ट्रॅव्हल कंपॅनियन' म्हणून तरतूद आहे, एकत्र बुकिंग असलेला सहप्रवासी, ज्याच्याशिवाय प्रवासाला अर्थ नाही असा, आणि सगळे आमच्याचकडे इन्शुअर्ड असतील तर बघायला सोपं जाईल. 'सोपं जाईल' ही काही गॅरंटी नाही, पण कलम नंबर होता आणि लेखी होतं. ती कंपनी आम्ही घेतली.

तिकडे असतानाचंही तसंच. कोणी हॉस्पिटलात राहिलं तर एकाला त्याच्याजवळ थांबावं लागणार, त्याचं परतीचं तिकीट बदलणार, राहण्याचा खर्च येणार, आणि आम्ही दोघं हॉस्पिटलात अडकलो तर मुलांना कोण आणणार. याला 'कम्पॅशनेट व्हिजिट' आणि 'मायनर चाईल्ड रिटर्न' अशी कव्हर असतात, हॉस्पिटलात ठरावीक दिवसांपेक्षा जास्त राहावं लागलं तरच लागू होतात, ती अट प्लॅनप्रमाणे बदलते. आमच्या केसमध्ये नणंद तिथेच होती त्यामुळे याला मी फार मार्क दिले नाहीत. तुमचं तिकडे कोणी नसेल तर द्या.

नणंदेने मधेच एक पिल्लू सोडलं होतं, की जर्मनीतच पाहुण्यांसाठीचा इन्शुरन्स मिळतो, ऑनलाईन पाच मिनिटात, व्हिसाला चालतो, स्वस्त आहे. बघितला. वाईट नव्हता, बिल थेट तिथल्या तिथे मिटण्याची शक्यता जास्त. पण तो निव्वळ मेडिकल होता, कॅन्सलेशन, बॅग, तिकीट काहीच नाही, आणि आधीपासूनच्या आजाराची भाषा तर अजून कडक. शिवाय भांडायची वेळ आली तर जर्मनमध्ये भांडायचं. इथे निदान विमा लोकपाल नारायण पेठेत आहे, केळकर रोडवर, हे बाबांनीच शोधून काढलं. आधी कंपनीकडे तक्रार, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, फी नाही. बाबांचं तर अर्धं टेन्शन तिथेच गेलं, बसने जाऊन भांडता येईल म्हणून.

पुणेकरांसाठी अजून एक. आपलं युरोपचं विमान मुंबईहून, आणि एक्स्प्रेसवेवर खंडाळा घाटात ट्रक आडवा झाला की संपलं. मला वाटलं होतं 'मिस्ड फ्लाईट' यासाठीच असतं. वर्डिंग वाचलं तर आधीचं विमान लेट झाल्यामुळे पुढचं चुकलं तर, रस्त्यावरचा ट्रॅफिक त्यात नाही. म्हणजे या रिस्कवर उपाय एकच, लवकर निघा. आम्ही दुपारीच निघालो आणि एअरपोर्टवर इतके आधी पोचलो की चेक-इन काउंटरच उघडला नव्हता, सासूबाईंनी तिथेच दशम्या काढल्या.

पॉलिसी कधी काढायची, तर तिकीट बुक झाल्यावर लगेच. व्हिसाच्या फाईलला लागतेच, आणि कॅन्सलेशनचं कव्हर पॉलिसी काढल्यापासून चालू होतं, प्रवासाच्या दिवसापासून नाही. व्हिसा नाकारला तर नकाराचं पत्र दाखवून थोडी कापाकापी करून प्रीमियम परत मिळतो, हे आधी विचारून घेतलं होतं. परतीच्या तारखेपुढे दोन-तीन दिवस जास्तीचे घेतले. आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. आईच्या पासपोर्टवर माझ्या वडिलांचं नाव मधे आहे, पॅनवर नाही, आणि पॉलिसीचा फॉर्म पॅनवरून नाव आपोआप उचलत होता. ते दुरुस्त करून घेतल्याशिवाय प्रिंट काढली नाही. व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या सेंटरच्या, काउंटरवरच्या माणसाने सर्टिफिकेटवर फक्त 'शेंगेन', रक्कम आणि तारखा बघितल्या, अर्ध्या मिनिटात पान उलटलं. ज्या पानांवर घरात इतके वाद झाले ती त्याला बघायचीच नव्हती.

निघायच्या आधी बाबांच्या कार्डिओलॉजिस्टला भेटून आलो, प्रवासाला हरकत नाही असं लिहून घेतलं आणि स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखचं विचारलं. ते ठिकाण ३,४५४ मीटरवर आहे, ट्रेनने थेट वर नेतात, दमछाक होत नाही पण हवा विरळ ती विरळच. डॉक्टर म्हणाले जा, पण हळू चाला, वर फार वेळ थांबू नका, त्रास वाटला तर पुढच्या ट्रेनने खाली. गोळ्यांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावांनी लिहून घेतली, कारण आपल्याकडचे ब्रँड तिकडे कोणाला कळत नाहीत. प्रत्येकाच्या पाऊचमध्ये एक कागद, त्यावर पॉलिसी नंबर, असिस्टन्सचा (विमा कंपनीच्या मदत केंद्राचा) फोन, आजार, गोळ्या, नणंदेचा नंबर. आणि सगळ्यांना पाठ करून घेतलं की खरी इमर्जन्सी असेल तर आधी ११२, मग असिस्टन्सला फोन, ऍडमिट झाल्याचं त्यांना लगेच कळवायचं, नाहीतर कॅशलेसचं लटकतं.

बाबा वर जाऊन बर्फात उभं राहून फोटो काढून आले, काही झालं नाही. आजारी पडला तो आठ वर्षांचा, नणंदेकडेच, कान दुखून ताप, शनिवारी संध्याकाळी. तिने ११६११७ ला फोन केला, इमर्जन्सी नसेल पण डॉक्टर तर हवा असेल तर जर्मनीत हा नंबर आहे, त्यांनी जवळचं चालू सेंटर सांगितलं. कानात इन्फेक्शन, औषध, दोन दिवसांत बरा. डॉक्टरांचं आणि औषधाचं बिल आधी आपण भरायचं आणि नंतर क्लेम करायचा, तसे सगळे कागद मी जपून आणले, डायग्नोसिस लिहिलेली चिठ्ठी, बिल, पैसे भरल्याची पावती, पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या कॉपी. घरी येऊन बसले तर आमच्या त्या स्वस्तातल्या फ्लोटरला शंभर डॉलरचं डिडक्टिबल, म्हणजे तेवढे पैसे आपणच सोसायचे, आणि बिल त्याच्या आतलं. क्लेम केलाच नाही. बाबांनी तरी वर्डिंगचं ते पान काढून लाल पेनने खूण केली आणि मला आणून दाखवलं, की त्यांच्या पॉलिसीला डिडक्टिबल शून्य होतं.